झाली किती, राहिली किती

जनगणनेच्या कागदात अगदी शेवटाकडे दोन प्रश्न असायचे, लग्न झालेल्या बाईला विचारायचे. आज हयात असलेली मुलं किती, आणि आजवर जिवंत जन्मलेली मुलं किती. दोन्ही ठिकाणी मुलगे वेगळे लिहायचे, मुली वेगळ्या.

२०११ साली ९ फेब्रुवारीपासून २८ तारखेपर्यंत मी आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाड्या पालथ्या घातल्या. शाळा सुटली की खांद्याला पिशवी, पिशवीत कागदांचा गठ्ठा, आणि पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढायला सुरुवात. आंबा मोहरलेला असायचा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, त्यामुळे जनगणना आली की आम्हीच प्रगणक. २००१ सालीही हे काम केलं होतं. म्हातारी माणसं अजून ‘शिरगणतीच्या बाई आल्या’ म्हणायची, ओटीवर चटई टाकायची, आधी पाणी प्या म्हणायची.

नाव, वय, शिक्षण, कामधंदा हे भराभर व्हायचं. या दोन प्रश्नांशी आलं की माझा हात सावकाश चालायचा. घरातल्या सुनेला विचारलं, ‘मुलं किती झाली?’ तर ती म्हणायची दोन. ‘आणि आहेत किती?’ यावर ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची. दोन झाली म्हणजे दोन आहेत, यात विचारायचं काय? मग मी सासूकडे वळायची. सासू लगेच बोलायची नाही. तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागायचा. एका पेरावर थांबायचा, पुढे जायचा, पुन्हा मागे यायचा. घरात तोवर कोणी बोलत नसे. सुनेला आपल्या सासूला नक्की किती मुलं झाली होती ते कधीकधी त्या दिवशीच कळायचं.

कोणाच्या घरी काय आकडे आले ते मी सांगणार नाही. जनगणनेत दिलेली माहिती गोपनीय असते, १९४८ सालचा कायदाच आहे तसा, आणि कायदा नसता तरी मी सांगितलं नसतं. माझ्या आजीचं मात्र सांगते. तिची झाली नऊ, राहिली चार.

आजी १९८६ साली गेली, तेव्हा मी डी.एड. करत होते. तिची जन्मतारीख कुणी लिहून ठेवलेली नव्हती. पण मानमोडीच्या साथीत आपण आठ-नऊ वर्षांच्या होतो, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. मानमोडी म्हणजे १९१८ सालचा इन्फ्लुएन्झा. जूनमध्ये तो मुंबई बंदरात उतरला, आणि आजी सांगायची की मुंबईहून परत आलेल्या माणसांच्या अंगातून आमच्या गावात आला. तिचे वडील आणि आत्या एकाच आठवड्यात गेले. खांदेकरी मिळेनात, म्हणून वडिलांना घोंगडीत घालून दोघांनी नेलं. देशभरात एक कोटीहून जास्त माणसं त्या साथीत गेली.

एकदा पावसाळ्यात, रविवार असावा, आम्ही दोघी पडवीत कुळीथ निवडत बसलो होतो. मी सहज विचारलं, ‘आजी, तुला एकूण मुलं किती गं?’ तिनं सूप बाजूला ठेवलं आणि उजव्या हाताच्या करंगळीपासून सुरुवात केली.

‘पहिली गंगू. चार वर्षांची झाली नि देवी आल्या. मग लावणीतली.’

‘लावणीतली म्हणजे?’

‘भाताच्या लावणीत झालेली. आठव्या दिवशी गेली. बारसं कुठं झालं होतं तिचं?’

बारसं बाराव्या दिवशी. त्याच्या आत जे गेलं त्याला नाव नाही. म्हणून आजीनं दोन मुलं मोसमावरून लक्षात ठेवलेली होती, एक लावणीतली आणि एक शिमग्यातला. बाराव्या दिवसापर्यंत नाव न ठेवण्यामागे शास्त्र काय सांगतं ते सांगो, मला वाटतं आयांनी स्वतःला सांभाळायला काढलेली ती वाट होती. पाचव्या रात्री सटवाई येते, बाळाच्या कपाळी लेख लिहिते. तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, दिवा विझू द्यायचा नाही, बायकांनी जागायचं, बाळाच्या उशाशी विळा ठेवायचा. आणि बाळाची नाळही घरातल्या तसल्याच विळ्यानं कापलेली असायची. पहिल्या आठवड्यात बाळ दूध ओढेनासं व्हायचं, मूठ घट्ट मिटायची, अंग धनुष्यासारखं ताठ व्हायचं. नवजात बाळांचा धनुर्वात हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपल्याचं आपल्या देशात जाहीर झालं ते २०१५ साली. ते बातमीत वाचलं तेव्हा मला लावणीतली आठवली. ती जगती तर त्या वर्षी ऐंशी पार केलेली माझी आत्या असती.

तिसरा विठ्ठल, दोन वर्षांचा होऊन हगवणीनं गेला. तीन गेल्यावर चौथा झाला तेव्हा सासूबाईंनी त्याला उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं उचलून आणलं, आणि नाव ठेवलं धोंडू. दगडधोंडा आहे, याच्यात नेण्यासारखं काही नाही, असं यमाला वाटावं म्हणून. माझे वडील सातवे. त्यांच्यासाठी आजीनं पाच घरी पदर पसरून तांदूळ मागितले, म्हणून ते भिकाजी. आपल्याकडची ही नावं एकदा आठवून पाहा. धोंडू, दगडू, केरू, भिकू, उकिर्डा, मूठभर कोंड्याला ‘विकत घेतलेला’ कोंडाजी, नाक टोचून मुलगी म्हणून वाढवलेला नथू. आज पोरं या नावांना हसतात. माझ्या वर्गात एकदा एक मुलगा आपल्या पणजोबांचं नाव वाचून हसला, तेव्हा मी धडा बाजूला ठेवून तासभर हेच सांगत बसले होते. ज्या घरात धोंडू आहे त्या घरात त्याच्या आधी कोणीतरी गेलेलं आहे. गावोगावच्या जुन्या सातबाऱ्यांवर ही नावं अजून आहेत.

माझ्या आजीचं नशीब वाईट होतं असं मला लहानपणी वाटायचं. पुढे वाचत गेले तसं कळलं की तिचं नशीब अगदी साधारण होतं. शेती सुरू झाली तेव्हा, म्हणजे दहा-बारा हजार वर्षांपूर्वी, सगळ्या पृथ्वीवर मिळून ५० लाखांच्या आसपास माणसं असावीत असा अंदाज आहे. आजच्या मुंबईच्या निम्म्याहून कमी. तिथून १०० कोटींवर यायला माणसाला १८०० साल उजाडावं लागलं. मी एकदा मुलांच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब करून पाहिला. एवढ्या काळात एवढी वाढ, म्हणजे हजार वस्तीच्या गावात सरासरी दोन वर्षांत एक माणूस वाढला. दोन वर्षांत एक! तीही सरळ वाढ नाही. चांगल्या पावसाची दहा वर्षं वाढायची आणि एका पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, एका दुष्काळात सगळं पुसून जायचं.

बायकांना त्या काळात मुलं कमी होत होती असं नाही. पाच, सहा, आठ होतच होती. जन्मलेल्यांपैकी जवळपास निम्मी वयात येण्याआधी जात होती. बाबिलोनमधली आई असो, पैठणची असो की पेरूमधली, तिला कोणी ते दोन प्रश्न विचारले असते तर तिनंही आजीसारखीच पेरं मोजली असती. आजवर पृथ्वीवर जन्मलेल्या माणसांचा एक अंदाज आहे, ११,७०० कोटी. हा आकडा लोक ‘केवढी माणसं होऊन गेली’ म्हणून सांगतात. मला त्यात पहिल्यांदा दिसतात ती बारशाआधीची बाळं.

आजी अकरा वर्षांची असेल तेव्हा, १९२१ साली, देशाची जनगणना झाली. लोकसंख्या भरली २५ कोटी १३ लाख, दहा वर्षांपूर्वीपेक्षा काही लाखांनी कमी. त्या दशकात हिंदुस्थानातलं सरासरी आयुष्य वीस वर्षांच्या आसपास होतं. सगळी माणसं विशीत मरत होती असा त्याचा अर्थ नव्हे. मुलं इतकी जात होती की सरासरी तिथवर खाली ओढली जात होती. मानमोडी, त्याआधी १८९६ साली मुंबईच्या मांडवीत सुरू झालेला प्लेग, मधूनमधून पटकी, आणि कायमचा हिवताप. त्यानंतर मात्र आजवरच्या एकाही जनगणनेत देशाची लोकसंख्या घटलेली नाही. लोकसंख्येचे अभ्यासक १९२१ला ‘महाविभाजनाचं वर्ष’ म्हणतात.

हे कशानं झालं? मोठमोठ्या इस्पितळांनी झालं असं आपल्याला वाटतं, पण आमच्या गावाला इस्पितळ माझ्या लग्नानंतर आलं. गावात आधी आली ती डीडीटीवाली माणसं. १९५३ साली सरकारनं हिवतापाविरुद्ध मोहीम काढली. वडील सांगायचे, पाठीवर पंप लावून माणसं यायची, घरातली भांडीकुंडी अंगणात काढायला लावायची आणि शेणामातीच्या भिंती पांढऱ्या करून, दारावर तारीख लिहून निघून जायची. आजीला ते बिलकूल आवडायचं नाही. सारवलेल्या भिंतींचं वाटोळं केलं म्हणायची. पण त्या वर्षी घरातले ढेकूण मेले, म्हणून तिनं पुढच्या खेपेला हाकलून दिलं नाही. तिची पार्वती त्याआधी सातव्या वर्षी थंडीतापानं गेली होती. तिच्याबद्दल आजी सर्वांत कमी बोलायची. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत होता आणि आठ लाख मरत होते. साठीच्या दशकाच्या मध्यावर रुग्णसंख्या लाखाच्या घरात आली. पुढे तो परत उसळला, तो भाग निराळा. पण मधल्या काळात जी मुलं जगली ती जगली.

देवी टोचणारेही तसेच. माझ्या डाव्या दंडावर देवीच्या लसीचे दोन वण आहेत, रुपयाएवढे, कडेला सुरकुतलेले. लहानपणी मुलीला आंघोळ घालताना ती त्यावर बोट ठेवून विचारायची, माझ्या हाताला का नाही? तिला काय सांगायचं! १८०२ साली मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ही लस टोचली, हिंदुस्थानात देवीची लस पहिल्यांदा लागली ती तिला. तिथून १९७५पर्यंत, म्हणजे देशातला शेवटचा रुग्ण सापडेपर्यंत, पावणेदोनशे वर्षं लागली. १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. मुलीच्या दंडावर तो वण नाही, कारण आता त्याची गरज नाही. आणि हगवण, जिनं विठ्ठल नेला, तिच्यावरचा इलाज तर मिठासाखरेच्या पाण्याचा. १९७१ साली बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते लोकांना प्यायला दिलं, नातेवाइकांकडून पाजवून घेतलं. तीस टक्क्यांच्या घरातले मृत्यू चार टक्क्यांखाली आले. आज हे शाळेच्या चौथीच्या मुलालाही करता येतं. मी कितीजणांकडून वर्गात करून घेतलं आहे!

माझ्या आईची झाली सहा, राहिली पाच. एक भाऊ १९६८ साली गोवरानं गेला. आता आजीचे आणि आईचे आकडे शेजारी ठेवा. आजीचे नऊ जन्म आणि चार जिवंत, आईचे सहा जन्म आणि पाच जिवंत. आईची मुलं आजीपेक्षा तीननं कमी झाली आणि घरात माणूस एकानं जास्त राहिलं. मला लोकसंख्यावाढ समजली ती या चार आकड्यांवरून. वर्तमानपत्रात ‘लोकसंख्येचा स्फोट’ हा शब्द वाचला की मनात यायचं ते गावंढळ, अडाणी बायकांना पोरंच पोरं होतायत असं चित्र. जन्म वाढलेच नव्हते. मरणं थांबली होती, आणि ती थांबली आहेत याची खात्री पटायला आयांना एक पिढी लागली.

ती एक पिढी म्हणजेच हे सगळे प्रचंड आकडे. १९५१ साली आपण ३६ कोटी होतो, २००१ साली १०२ कोटींच्या वर. जग १९२७ साली २०० कोटी, १९६० साली ३००, १९७४ साली ४००. पुढचे ५०० कोटी १९८७ साली, ६०० कोटी १९९९ साली. मी २०११ची जनगणना करत होते त्या वर्षी ७००, आणि १५ नोव्हेंबर २०२२ला ८००. साठीच्या दशकात वाढीचा वेग सर्वांत जास्त होता, वर्षाला दोन टक्क्यांच्या थोडा वर. आमच्या त्या हजार वस्तीच्या गावात आता वर्षाला वीस माणसं वाढत होती. त्यांना खायला कुठून आलं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. हवेतल्या नायट्रोजनपासून खत करण्याची युक्ती, बुटक्या गव्हाची वाणं, धरणं. एवढं मात्र सांगते की १८७६च्या दुष्काळात दख्खनच्या वाटांवर माणसं मरून पडली, आणि जवळपास शंभर वर्षांनी, माणसं दुपटीहून जास्त वाढलेली असताना, १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रातली माणसं खडी फोडत, सुकडी आणि मिलो नावाच्या परदेशी ज्वारीच्या लाल भाकऱ्या खात तगली. ज्यांनी ते खाल्लं ते अजून तोंड वाकडं करून सांगतात. सांगायला ते आहेत, हे मला महत्त्वाचं वाटतं.

१९२१ सालीच आणखी एक गोष्ट झाली. आमच्याच जिल्ह्यातल्या मुरूडचे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. देशाची लोकसंख्या घटलेली होती त्या वर्षी! म्हणजे गर्दी कमी करणं हे त्यांच्या मनात नव्हतंच. दर दीड-दोन वर्षांनी बाळंत होऊन पंचविशीत म्हातारी होणारी बाई त्यांना दिसत होती. मूल कधी हवं, हवं की नको, हे तिनं ठरवावं एवढंच त्यांचं म्हणणं. त्यापायी त्यांची प्राध्यापकी गेली. १९२७पासून १९५३मध्ये मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक पदरमोड करून चालवलं, खटले झाले, दंड झाले. १९३४च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. पुढे १९३८ साली आंबेडकरांच्या पक्षानं मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला, तो नामंजूर झाला. कर्व्यांचं हे केंद्र सुरू झालं तेव्हा आजीचं लग्नही झालं नव्हतं. गिरगावापासून आमची वाडी बोटीनं एका रात्रीच्या अंतरावर. ते केंद्र तिच्यापर्यंत कधीच पोचलं नाही.

गावात पोचली ती १९७६ सालची नसबंदी. मी दहा वर्षांची होते. आमच्या गावच्या गुरुजींना ‘केसेस’ आणायला सांगितलं होतं, नाहीतर पगार नाही. तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. केस म्हणजे डोक्यावरचे, असंच मला वाटलं. एका संध्याकाळी ते आमच्या पडवीत वडिलांसमोर बसले आणि, मोठी माणसं रडतात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. वडील काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी रत्नागिरीला जाऊन आले. त्या एका वर्षात देशात ८२ लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीचा कायदाही आपल्या विधिमंडळानं मंजूर केला होता, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो अमलात आला नाही. ज्या कामासाठी कर्व्यांनी बाईच्या हातात निर्णय द्या म्हटलं, तेच काम माणसाला गुरासारखं नेऊन करण्यात आलं. मला अजून त्याचा संताप येतो. आणि त्यानं साधलं काय? त्या धसक्यानं पुढे कितीतरी वर्षं कुटुंबनियोजनाची माणसं दिसली की लोक दारं लावून घ्यायचे.

जन्म कमी झाले ते धाकानं झाले नाहीत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला उबेत ठेवणं, श्वास मोजणं, न्यूमोनिया ओळखणं, गरज पडली तर इंजेक्शन देणं. १९९५ ते १९९८ या तीन वर्षांत तिथले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. आता देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, चौदाव्या दिवशी. सातव्या दिवशी! माझ्या शाळेत शिकलेली एक मुलगी आज आमच्या वाडीची आशाताई आहे. झोळीच्या काट्यात बाळ घालून आकडा वाचते तेव्हा बाळाची पणजी शेजारी बसून डोळे मिटून घेते, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. वजन करू नये, दृष्ट लागते, असं एकेकाळी म्हणणारी ती म्हातारी. ज्या आईला आपली दोन्ही मुलं राहणार याची खात्री आहे, ती तिसऱ्याचा हट्ट धरत नाही. आणि जी दहावीपर्यंत शाळेत बसली तिला सासूसमोर ते बोलता येतं.

एक गोष्ट गाळून पुढे जाता येत नाही. त्या दोन रकान्यांच्या पोटात आणखी दोन रकाने होते, मुलगे आणि मुली. कुटुंब आखूड झालं तेव्हा ते आपल्याकडे कितीतरी घरांत मुलीच्या बाजूनं आखूड झालं. २०११ साली महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. त्याच वर्षी साताऱ्यात ‘नकुशा’ नावाच्या मुलींना समारंभानं नवी नावं दिली, पावणेतीनशेहून जास्त मुली होत्या त्या. धोंडू हे नाव मूल जगावं म्हणून होतं. नकुशा हे नाव कशासाठी होतं? आजीच्या काळात मुली देवीनं, तापानं गेल्या. आता सोनोग्राफीच्या खोलीत गेल्या, आणि त्यांची नोंद ‘जन्मलेली’ या रकान्यातही नाही.

मी नोकरीला लागले १९८८ साली. पहिलीच्या वर्गात चौतीस मुलं होती, एका बाकावर तीन-तीन. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले तेव्हा पहिली ते चौथी मिळून नऊ. वीसच्या आत पट असलेल्या शाळांचं काय करायचं, यावर आता बैठका होतात. माझी दोन मुलं. झाली दोन, आहेत दोन. आमचा रत्नागिरी जिल्हा या बाबतीत महाराष्ट्राच्या पुढे गेलेला आहे. २००१ साली इथे १६ लाख ९७ हजार माणसं होती, २०११ साली १६ लाख १५ हजार. सिंधुदुर्गही घटला. यात मुंबई-पुण्याला गेलेले बरेच, पण केवळ ते नाहीत. गणपतीला वाडीतली सगळी दारं उघडतात, शिमग्याला पालखी नाचवायला खांदे असतात, आणि मधले दहा महिने संध्याकाळी दिवा लागणारी घरं मोजायला एका हाताची बोटं पुरतात. त्या घरांतही एकटी म्हातारी माणसं. गेल्या भाद्रपदात शेजारचे काका पडले, तेव्हा त्यांना पाखाडीवरून खाली रस्त्यापर्यंत आणायला चार धडधाकट माणसं गोळा करण्यात पाऊण तास गेला.

२०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात बाईमागे सरासरी १.७ मुलं होती, गोव्यात १.३. लोकसंख्या आहे तिथे टिकायला २.१ लागतात. सबंध देशाचा आकडाही तेव्हा २वर आला होता. दक्षिण कोरियात तर २०२३ साली ०.७२ होता. संयुक्त राष्ट्रांचा २०२४चा अंदाज असा की भारत २०६०च्या दशकात १७० कोटींच्या आसपास पोचेल आणि मग उतरणीला लागेल. जग २०८०च्या दशकाच्या मध्याला १,०३० कोटींवर जाऊन थांबेल. माझ्या शाळेतली ती नऊ मुलं त्या वेळी सत्तरीच्या आसपास असतील. घटू लागलेलं जग त्यांच्या डोळ्यांसमोर असेल. साथीनं किंवा दुष्काळानं घटलेलं नाही, आयांनी ठरवून घटलेलं. असं माणसाच्या जातीत याआधी कधी झालेलं नाही, आणि म्हणून पाखाडीवरून म्हातारं माणूस कोणी खाली आणायचं, याचं उत्तर कुठल्याही जुन्या माणसाला विचारून मिळणार नाही. हल्ली काही पुढारी जास्त मुलं जन्माला घाला म्हणून सांगू लागले आहेत, बायकांना. मला त्या वेळी पडवीतले गुरुजी आठवतात.

पुढची जनगणना २०२७ची आहे. १ मार्चच्या मध्यरात्रीचा हिशेब धरायचा आहे. तोवर माझ्या मुलीच्या लग्नाला पाच वर्षं झालेली असतील. ती आणि जावई पुण्यात असतात, दोघांच्या नोकऱ्या आहेत. मूल नको असं त्यांनी मला गेल्या वर्षी शांतपणे सांगितलं. मी काही बोलले नाही. त्या रात्री झोप लागली नाही, हेही खरं आहे. जी गोष्ट बाईनं स्वतः ठरवावी म्हणून मी आयुष्यभर वर्गात, पालकसभेत, बायकांच्या बचतगटात बोलत आले, ती माझ्या मुलीनं ठरवली होती, आणि माझ्या घशाशी आवंढा होता. दोन्ही माझंच.

परवा तिचा फोन आला. तिकडच्या कुठल्या चर्चेत लोकसंख्येचा विषय निघाला होता.

‘आई, पणजीची ती नऊ मुलं सांग ना परत. मला क्रमानं येत नाहीत.’

मी सांगू लागले. गंगू. लावणीतली. विठ्ठल. धोंडूकाका. सखूआत्या. शिमग्यातला. तुझे आजोबा. पार्वती. बाळूकाका. पलीकडे ती हळू आवाजात माझ्यामागून म्हणत होती, पेरांवर मोजत असावी, कारण मध्ये एकदा ‘थांब, फोन दुसऱ्या हातात घेते’ म्हणाली.

‘लावणीतलीचं नाव काय ठेवणार होती गं पणजी?’

ते मी आजीला कधी विचारलं नव्हतं.